माळ्यावरचा मायक्रोवेव्ह

दुपारचा सव्वा वाजला की अंधेरी ईस्टमधल्या कुठल्याही ऑफिसच्या पॅण्ट्रीत डोकावून बघा. सीप्झ असो, चकाला असो नाहीतर साकीनाका, सीन सेम टू सेम. एक मायक्रोवेव्ह आणि त्याच्यासमोर तिकीट खिडकीला लागते तशी लाइन. हातात डबे, कानात इअरफोन, नजर त्या हिरव्या आकड्यांवर. बारा... अकरा... दहा... टिंग! कुणीतरी डबा बाहेर काढतं, बोट भाजून घेतं आणि पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतं. कडेचा भात आगीसारखा आणि मधला थेट फ्रीजमधला. मागून कुणी सुरमईचा डबा पुढे केला तर पॅण्ट्रीत शीतयुद्ध सुरू होतं, ते वेगळंच.

आपल्या पिढीचं मायक्रोवेव्हशी असलेलं नातं हे असं आहे. रोजची भेट, पण ओळखदेख नाही. मोबाइलमधलं प्रत्येक सेटिंग आपल्याला पाठ, पण या डब्यावरचं ‘पॉवर’चं बटण आपल्यापैकी कितीजणांनी कधी दाबलंय? ‘३० सेकंद’ला चार वेळा टिचकी मारायची की झालं काम. गंमत म्हणजे या यंत्राबद्दल आपल्याला माहिती कमी आणि अफवा जास्त ठाऊक असतात. ‘त्याच्यासमोर उभी राहू नकोस.’ ‘त्यातलं अन्न मेलेलं असतं.’ ‘त्यानं कॅन्सर होतो.’

यातलं शेवटचं वाक्य गेल्या वर्षी आमच्या घरी आलं आणि चक्क मुक्कामाला राहिलं.

माझे आई-बाबा मुलुंड ईस्टला राहतात. मी अंधेरीत, मैत्रिणीबरोबर भाड्याच्या वन बीएचकेमध्ये. दर वीकेण्डला मेट्रोनं घाटकोपर आणि तिथून सेण्ट्रलची स्लो लोकल. अंधेरी-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये सुरू झाली ती खास माझ्यासाठीच, असं मला मनापासून वाटतं. तर बाबा बँकेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. मानेत एक गाठ आली, तपासली, लिम्फोमा निघाला. केमोच्या सहा सायकल्स. डॉक्टर म्हणाले, हा बरा होण्यासारखा प्रकार आहे, घाबरू नका. आम्ही अर्थातच घाबरलो.

बातमी कळली तशी सोसायटी धावून आली. मुलुंडची सोसायटी धावून येते म्हणजे खरंच येते हं. रक्त द्यायला चार पोरं तयार, हॉस्पिटलला न्यायला गाडी तयार. आणि सोबत सल्ले. हा रस प्या, ती पावडर घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आईला म्हणाल्या, “वहिनी, किती वर्षं तुम्ही भाऊंना त्या मायक्रोवेव्हमधलं खायला घातलंत. त्यानंच झालं बरं का हे. माझ्या मोबाइलवर आलंय सगळं.”

काकू वाईट नाहीत. पहिल्या सायकलच्या आठवड्यात आमच्याकडे रोज गरम वरण त्यांच्याच घरून येत होतं. पण ते वाक्य आईच्या मनात रुतून बसलं. दुसऱ्याच दिवशी तिनं शेजारच्या मुलाला हाक मारून मायक्रोवेव्ह माळ्यावर टाकायला लावला. वर जुनी चादर. विषय संपला.

खरं तर तिथेच सुरू झाला. केमो घेणारा माणूस आपल्यासारखा तीनदा जेवत नाही. सहा-सात वेळा थोडं थोडं. कधी चार घास, कधी दोनच. दुपारी साडेतीनला काही नको आणि रात्री अडीचला “जरा मऊ भात आहे का गं?” प्रत्येक वेळी आई उठायची, गॅस पेटवायची, छोट्या पातेलीत दोन घास शिजवायची. तोपर्यंत बाबांची इच्छा गेलेली असायची. आईचे गुडघे आधीच कुरकुरणारे. तिसऱ्या सायकलनंतर दोघांत पेशंट कोण, असा प्रश्न पडावा इतकी ती ओढलेली दिसायला लागली.

मी एकदा म्हटलं, “आई, मायक्रोवेव्ह काढू या ना खाली.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तीस वर्षं डबा दिला मी त्यांना. शेवटची दहा-बारा वर्षं बँकेत त्याच मशीनमध्ये गरम करून खात होते. आजार मीच भरून दिला रोज डब्यात.”

बस्स. यावर काय बोलणार? मायक्रोवेव्ह गेला खड्ड्यात, पण हे ओझं तिच्या डोक्यावरून उतरायलाच हवं होतं. “असं काही नसतं गं” एवढ्यानं ते उतरणार नव्हतं. मी मास कॉमची मुलगी. एखादी गोष्ट दोन ठिकाणी तपासल्याशिवाय छापायची नाही, हे कॉलेजात घोटून घेतलेलं. म्हटलं, चला, या वेळची स्टोरी घरचीच.

आधी रेडिएशनचा फण्डा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारसाठी मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरायचे. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीतले इंजिनीअर पर्सी स्पेन्सर १९४५ मध्ये तिच्याजवळ उभे असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट विरघळलं, अशी गोष्ट सांगतात. त्यांनी पुढे मक्याचे दाणे ठेवून बघितले, ते फुटले. १९४७ मध्ये पहिला ओव्हन बाजारात आला, तो माणसाएवढा उंच आणि तीनशे किलोंहून जड! ओट्यावर मावेल असा घरगुती ओव्हन अमेरिकेत १९६७ मध्ये आला.

आत काय होतं? मॅग्नेट्रॉनमधून २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी निघतात. साधारण आपल्या वाय-फायच्या शेजारच्याच. म्हणून तर पॅण्ट्रीला लागून बसणाऱ्यांचं वाय-फाय जेवणाच्या वेळेला अडखळू शकतं. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना गदागदा हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. बस्स, एवढंच. एक्स-रेमध्ये पेशीतला डीएनए तोडण्याची ताकद असते, तशी या लहरींमध्ये नसते. आणि दिव्याचं बटण बंद केल्यावर खोलीत उजेड साठून राहतो का? तसंच इथे. ओव्हन बंद झाला की लहरी संपल्या. अन्नात ‘रेडिएशन’ उरत नाही.

मग बाहेर येत असेल तर? दाराच्या काचेत ती बारीक भोकांची जाळी असते ना, ती शोभेची नाही. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि जाळीची भोकं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. लहर आतच अडकते. दार उघडलं की मशीन बंद पडावं अशी कुलपं आत असतात. अमेरिकेतला नियम सांगतो, की ओव्हनच्या पूर्ण आयुष्यात पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटच्या वर जाता कामा नये. जसजसे लांब जाल तसतशी ती झपाट्यानं घटते. आपल्याकडेही मायक्रोवेव्हसाठी भारतीय मानक आहे आणि २०१२ च्या सरकारी आदेशानं ज्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची नोंदणी सक्तीची झाली, त्या पहिल्या यादीत मायक्रोवेव्ह होता.

सगळं एकाच बाजूनं लिहायचं नाही म्हणून हेही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन विभागानं २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कॅन्सरकारक’ या गटात टाकलं. पण ते मुख्यतः कानाला लावून वापरायच्या मोबाइल फोनवरच्या अभ्यासांवरून, आणि पुरावे मर्यादित आहेत असं म्हणूनच. थोडक्यात, काकूंनी तो मेसेज ज्या यंत्रावर वाचला, ते यंत्र त्या यादीत आधी. लोखंडी पेटीतला ओव्हन त्या मानानं बिचारा घरकोंबडा.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू डॉक्टर आहेस का?” मुद्दा बरोबर होता. मग चौथ्या सायकलच्या वेळी ओपीडीत तिच्यासमोरच डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या बाहेर पन्नास पेशंट थांबलेले. तरी त्यांनी पेन खाली ठेवलं, आईकडे बघितलं आणि म्हणाले, “त्या ओव्हनचा या आजाराशी संबंध नाही. तुमचा तर नाहीच नाही.” आई काही बोलली नाही. पदरानं चष्मा पुसत बसली, बराच वेळ.

डॉक्टर पुढे जे म्हणाले ते मात्र माझ्या वहीत आहे. “वापरा, पण नीट वापरा. यांचा काउंट खाली आहे. अर्धवट गरम केलेलं अन्न तुम्ही-आम्ही पचवून टाकू, यांना ते ॲडमिट करेल.”

म्हणजे ओव्हन दोषी नाही, पण तो कसाही वापरला तर चालेल असंही नाही. आपण ज्याला घाबरतो ते भूत वेगळं आणि खरा चोर वेगळा!

खरा चोर: मधला गार घास

आपल्याला वाटतं, मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो. साफ चूक. या लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटरच आत शिरतात. पुढची उष्णता एका घासाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते, अगदी गॅसवर सरकते तशीच. त्यात ओव्हनमध्ये लहरी सगळीकडे सारख्या पडत नाहीत, कुठे दाट, कुठे विरळ. म्हणून ती काचेची ताटली फिरत असते. डब्यात ठासून भरलेला भात दोन मिनिटं फिरवलात, तर कडेला वाफ आणि मध्ये कोमट. आणि कोमट म्हणजे जंतूंसाठी गोव्याची सुट्टी. फ्रीजरमधून काढलेल्या गोठलेल्या पदार्थात तर अजून मजा. बर्फ या लहरी फारशा शोषत नाही, वितळलेलं पाणी भराभर शोषतं. त्यामुळे एक कोपरा उकळतो आणि दुसरा दगड.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, परत गरम केलेलं अन्न सगळीकडे, अगदी मधोमधसुद्धा, ७० अंश सेल्सिअसच्या वर जायला हवं. आणि ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा, शिजलेलं अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त रेंगाळू द्यायचं नाही.

७० अंश हे बोटानं कसं कळणार? मी अन्नात खुपसायचा थर्मामीटर मागवला. आणि इथे आमच्या घरात क्रांती झाली. चार महिने नुसते पडून असलेले बाबा उठून बसले. रिटायर्ड बँकवाला माणूस, त्याच्या हाती आकडे दिलेत! त्यांनी जुनी डायरी काढली, रकाने आखले. पदार्थ, वेळ, कडेचं तापमान, मधलं तापमान, शेरा. पहिल्याच दिवशीची नोंद माझ्याकडे फोटो काढून ठेवलेली आहे: ‘मऊ भात, दीड मिनिट. कड ८१. मध्य ४६. शेरा: नामंजूर.’

त्याच भाताचं मग आम्ही वेगवेगळं करून बघितलं. पसरट काचेच्या भांड्यात पसरला, वर चमचाभर पाणी शिंपडलं, झाकण तिरकं ठेवलं. एक मिनिट, मग थांबवून ढवळला, परत एक मिनिट. आणि मग ओव्हन बंद करून दोन मिनिटं तसाच झाकून ठेवला. या थांबण्याला महत्त्व आहे. त्या वेळात कडेची उष्णता मधे सरकते. डायरीत नोंद झाली: ‘कड ७९. मध्य ७६. शेरा: मंजूर.’ थर्मामीटर धातूचा असतो, तो भांडं बाहेर काढल्यावरच खुपसायचा, हेही बाबांनी खाली लाल शाईनं लिहिलं.

भातावर एवढं लक्ष का, असं विचाराल. कारण आपण भातखाऊ माणसं. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. भात शिजवला तरी ते मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर राहिला, तोही मुंबईच्या घामट हवेत, की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. त्यातलं उलट्या करवणारं विष उष्णतेलाही दाद देत नाही. म्हणजे नंतर मायक्रोवेव्हमध्ये कितीही फिरवा, जंतू मरतील, विष तसंच. म्हणून सुरक्षितता मायक्रोवेव्हच्या दारात सुरूच होत नाही. ती भात शिजल्या क्षणी सुरू होते. पसरट ताटात काढा, लवकर गार करा, तास-दोन तासांत फ्रीजमध्ये ढकला, आणि परत गरम करायचा तो एकदाच.

आता आपलं बघा. सकाळी सातला भरलेला डबा, बोरिवलीची ७.५२, गर्दीत बॅगेच्या तळाशी, मग ऑफिसात ड्रॉवरमध्ये, आणि दीड वाजता मायक्रोवेव्ह. मोजा किती तास झाले ते! ऑफिसला पोचल्या पोचल्या डबा पॅण्ट्रीतल्या फ्रीजमध्ये टाकायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं करा. फ्रीज नसेल तर वरण-भाताऐवजी पोळी आणि सुकी भाजी बरी. १८९० पासून मुंबईला जेवू घालणाऱ्या डबेवाल्यांची पद्धत या बाबतीत शहाणी वाटते. डबा घरून उशिरा निघतो, जेवणाच्या वेळेला पोचतो, मधे लोळत पडायला वेळच नाही.

डब्याचीही कुंडली बघा

बाबांचा स्टीलचा चारकप्पी डबा आईनं जपून ठेवलाय. तो मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, का ते कमी जणांना. धातू लहरींना परतवून लावतो, त्यामुळे आतलं अन्न गरमच होत नाही, आणि पातळ कडा, टोकं, फॉइलच्या सुरकुत्या यांच्यात ठिणग्या उडतात. सोनेरी किनारीचा कप असेल तर ती किनारही धातूचीच बरं का.

मग आपण प्लॅस्टिककडे वळतो आणि खरी गोची तिथे आहे. डब्याखाली त्रिकोणात आकडा असतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, मायक्रोवेव्हसाठीचे डबे बरेचदा याचेच असतात. पण नुसता ५ बघून भागत नाही, ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं किंवा लहरींचं चिन्ह हवं. गरम आणि तेलकट अन्नात प्लॅस्टिकमधली रसायनं जास्त उतरू शकतात. म्हणजे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात मटणाचा रस्सा गरम करणं हा सगळ्यात वाईट बेत. हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे एकदा वापरून फेकायचे, त्यांना पेन्शनपर्यंत राबवू नका. मेलामाइनच्या रंगीत प्लेट्स नकोत. थर्माकोल तर नकोच, त्याच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे. आणि वडापाव ज्या पेपरात आला त्याच पेपरासकट आत सरकवणारे वीर मी पाहिलेत. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ गुंडाळायला अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे आणि ओव्हनमध्ये तो पेपर पेटूही शकतो.

आमच्याकडे सोपं केलंय. काच नाहीतर साधं चिनीमातीचं भांडं. वजन लागतं बॅगेत, मान्य. पण जिमला पैसे भरतोच ना आपण?

प्लग, पाणी आणि अंडं

मायक्रोवेव्ह माळ्यावरून उतरवल्यावर आईनं तो ठेवायला जागा दाखवली ती मिक्सरच्या शेजारी, टू-पिन ॲडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्डच्या राज्यात. आमची बिल्डिंग जुनी. ‘८०० वॉट’ लिहिलेला ओव्हन भिंतीतून प्रत्यक्षात १२०० ते १३०० वॉट ओढतो, कारण ८०० हा फक्त अन्नाला मिळणारा वाटा. ६ ॲम्पियरचा छोटा सॉकेट जेमतेम १३८० वॉटचा. कन्व्हेक्शनवर केक लावलात तर गणित पारच बिघडलं. म्हणून जाड पिनांचा, अर्थिंगवाला १६ ॲम्पियरचा स्वतंत्र पॉइण्ट हवा. वायरमन बोलावून एका दुपारी काम झालं. अंधेरी-बोरिवलीत वीज अदाणीची, आमच्या मुलुंडला महावितरणची. वीज कुणाचीही असो, भिंतीतली वायर आपली स्वतःची असते आणि बऱ्याच घरांत ती आपल्यापेक्षा वयानं मोठी असते.

भाड्याच्या घरात आणि पीजीमध्ये राहणाऱ्यांसाठी खास, कारण आपलं अर्धं स्वयंपाकघर म्हणजे हाच डबा. गुळगुळीत कपात नुसतं पाणी जास्त वेळ गरम केलं, तर ते बुडबुडे न येता उकळबिंदूच्या वर जाऊ शकतं. वरून शांत दिसतं, आणि कॉफी टाकली किंवा कप हलवला की एकदम उसळून हातावर, तोंडावर. आधीच कपात लाकडी चमचा ठेवा आणि वेळ कमी लावा. कवचासकट अंडं कधीच नको, सोललेलं उकडलेलं अख्खं अंडंही फुटू शकतं, तेसुद्धा बाहेर काढल्यावर, तोंडाजवळ. बटाट्याला काट्यानं टोचे मारा. शेंगदाणे भाजायला मायक्रोवेव्ह झक्कास, पण एकेक मिनिटानं काढून हलवायचे. ते आतून जळतात आणि वरून निरागस दिसतात. पापडाला तर पाऊण-एक मिनिट पुरे. ‘लावून अंघोळीला जाते’ हा प्रकार बंद!

आमच्या फ्रीजवर बाबांच्या अक्षरातला एक कागद आहे. तो जसाच्या तसा देते:

१. पसरट भांडं, कमी अन्न, तिरकं झाकण. घट्ट झाकण नाही.
२. निम्म्या वेळेला थांबून ढवळणे. न ढवळलेलं अन्न नामंजूर.
३. संपल्यावर दोन मिनिटं झाकून ठेवणे.
४. मध्य ७० च्या वर. शंका असल्यास परत.
५. एकदाच गरम करणे. उरलेलं टाकणे, मन घट्ट करणे.
६. बाळाची दुधाची बाटली यात नाही. बाटली कोमट लागते आणि आत दूध पोळणारं असतं. गरम पाण्यात धरून ठेवणे.
७. रिकामा चालवणे नाही. दार नीट बसत नसेल, जाळी किंवा कडा मोडली असेल तर वापर बंद.
८. आत पेटलं तर दार उघडणे नाही. भिंतीचं बटण बंद करणे.
९. स्वतः खोलणे नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा झटका शिल्लक असू शकतो.
१०. सांडलेलं त्याच दिवशी पुसणे. झुरळांना आमंत्रण नाही.

सहावा नियम आमच्या मामेबहिणीच्या बाळासाठी, ती भेटायला येते म्हणून. पाचव्या नियमावरून आई-बाबांची रोज भांडणं होतात. अन्न टाकायचं म्हणजे आईच्या जिवावर येतं. त्यावर तिनंच तोडगा काढला. सकाळी ताजं करायचं आणि चार छोट्या काचेच्या वाट्यांत भरून लगेच फ्रीजमध्ये. लागेल तेवढीच वाटी बाहेर. डाएटिशियननं एकच दिवस ठेवायला परवानगी दिली होती, म्हणून प्रत्येक वाटीवर बाबा तारीख आणि वेळ चिकटवायचे, चेक क्लिअर करावा तसे.

सहावी सायकल झाली. स्कॅन स्वच्छ आला. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आणि त्या आठवड्यात आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. हे असंच राहणार काही वर्षं, त्याला इलाज नाही.

पण गेल्या महिन्यात मी मुक्कामाला होते. रात्री अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघरातून ओळखीचा घुर्र आवाज आला. जाऊन बघते तर बाबा उभे. टिंग झालं, त्यांनी वाटी काढली, ढवळली, परत आत ठेवली. मला म्हणाले, “हळू बोल. आई झोपलीय.”

आई खरंच झोपली होती. कित्येक महिन्यांनी, सलग, सकाळी सहापर्यंत.

तर मंडळी, उद्या पॅण्ट्रीत मागचा माणूस घाई करायला लागला, तरी एकदा थांबवून ढवळा. त्याला काय सांगायचं ते सांगा.